पुढलं वर्ष चिकटवताना

पुढलं वर्ष मला नगरपालिकेच्या गोदामातून मिळतं,
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात,
सत्तावीस गुंडाळ्या, रबर लावून.
दुइलिओ म्हणतो, 'एजिदिओ, जपून ने, वर्ष भिजवू नकोस.'
दरवर्षी तोच विनोद. मी दरवर्षी हसतो,
कारण किल्ली त्याच्याकडे असते.

खळ मी घरी शिजवतो.
विकतची बोरा वाऱ्यापुढे टिकत नाही,
आणि त्रिएस्तेत वारा विचारून येत नाही;
पठारावरून उतरतो
आणि टोप्या, छत्र्या, कॉफीवाल्याच्या खुर्च्या,
जे जे सुटं सापडेल ते समुद्राला देऊन टाकतो.
म्हणून मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी,
चमचा उभा राहीपर्यंत ढवळायचं.

ब्रशचा एक लांब हात, की फेब्रुवारी भिंतीवर बसतो:
कार्निवल, कागदी नाकं, गाढवावर उलटा बसवलेला महापौर.
त्याला खेटून एप्रिल,
कुणा चित्रकर्तीची दीडशे निळी चित्रं.
मी मोजलेली नाहीत, पोस्टर म्हणतं.
जूनमध्ये समुद्रस्नान सुरू.
इथे एका किनाऱ्यावर पांढरी भिंत आहे,
अलीकडे बाया, पलीकडे पुरुष.
आई म्हणायची, संसार टिकतात ते या भिंतीमुळे.
ऑक्टोबरची शिडांची शर्यत सगळ्यात रुंद,
दोन कागद जोडावे लागतात;
जोड चुकला
की एकीचं शीड दुसरीच्या डोलकाठीवर.

शेजारच्या चौकटीत मेलेल्यांची पत्रकं.
तीही मीच लावतो. ब्रश तोच, खळ तीच.
नाव, वय, कुणाची आई, फुलं आणू नयेत.
आठ दिवसांनी त्यावर दुसरं नाव,
किंवा जागा कमी पडली तर
नाचाचा कार्यक्रम.

काल ओंदिनाबाई थांबल्या, दिव्याच्या खांबाला धरून.
'गेल्या वसंतात माझ्या रेमिजिओवर
काय लावलं होतंस रे?'

आठवत होतं. सहावाच दिवस होता तो,
दुइलिओ घाई करत होता.
'गायकमंडळ,' म्हणालो. 'वरच्या गावातलं. चुकलं माझं.'

'गेले होते मी,' त्या म्हणाल्या.
'म्हटलं, याच्या अंगावर कोण येऊन बसलंय
बघू तरी.
बेसूर होते. तो डावीकडचा जाडा तर फारच.
पण शेवटपर्यंत बसले.
त्यानंतर कुठे म्हणून गेले नाही.'

मग चष्मा कपाळावर चढवून
भिंतीच्या इतक्या जवळ आल्या
की नाकाला खळ लागावी,
आणि बोटाने महिने चाचपत मेपाशी थांबल्या.
तो अजून ओला होता.
'तेच का हे?'
'तेच. जाडा असेल की नाही, लिहिलेलं नाही.'
'किती वाजता?'
'साडेआठ.'
'म्हणजे दात काढून ठेवायची वेळ,' म्हणाल्या,
आणि निघाल्या, वाऱ्याला खांदा देत.

काही गोष्टींची गुंडाळी मला कधीच मिळत नाही.
वर पठारावर एखाद्या घरची वाईन तयार होते,
तो फाट्यावरच्या खांबाला आयव्हीची डहाळी टांगतो.
डहाळी दिसली की अंगण उघडं:
लाकडी बाक, उकडलेली अंडी, घरचं हॅम.
त्याला ना पोस्टर, ना खळ.
रेमिजिओ मला तिथेच भेटायचा,
पत्ते वाईट खेळायचा आणि हरला की पैसे द्यायचा नाही.
हे बाईंना सांगायचं राहून गेलं.

रात्री बोरा आला.
सकाळी जाऊन पाहिलं: ऑक्टोबर गेलाय,
अर्धा जून गेलाय, गाढव आहे पण महापौर नाही.
मे जागेवर आहे,
सुकलेल्या कागदावर एका बोटाची सुरकुती.

आता दुइलिओकडून
आणखी एक ऑक्टोबर मागून आणायचाय.
नाहीच म्हणेल तो. असतो त्याच्याकडे.