जस्ट

सोहारच्या गोदामात लागलो तेव्हा
माझं इंग्रजी उघडंबोडकं होतं :
आय वॉन्ट लीव्ह. आय नीड ग्लव्हज.
मार्विक म्हणाला, मध्ये एक जस्ट घालत जा.
आय जस्ट वॉन्टेड टू आस्क.
मागणं तेवढंच राहतं, फक्त पायताण काढून आत येतं.
आणि क्रियापदही दोन पावलं मागे, भूतकाळात उभं राहतं.

शिकलो.
रिअली सॉरी शिकलो, जोडीला ऑनेस्टली;
ते उच्चारल्यावर समोरचा
माझी आधीची वाक्यं आठवून बघतो,
हेही शिकलो.

दुसऱ्या महिन्याचा पगार थकला
तेव्हा बद्र साहेबांच्या टेबलापुढे
आय अ‍ॅक्च्युअली, आय जस्ट, आय रिअली,
पॅलेटवर खोकी चढवावीत तशी चढवत गेलो.
पलीकडून आय दिसेनासा झाला.
शुअर, शुअर, म्हणाले साहेब,
आणि एसी एक अंशाने उतरवला.

रात्री खेडला फोन लावला.
तिकडे साडेअकरा झालेले.
"काय रे, एवढ्या रात्रीचा?"
"काही नाही गं. आपलं सहजच."

आई जरा थांबली.
मागे पंख्याची कटकट ऐकू येत होती.

"किती पाठवू?"