दार वाजतं तेव्हा

तार्तू, फेब्रुवारी. पहाटेचे सव्वातीन.
एमायोगी नदीवर बर्फाने जाड साय धरलीय
आणि पलीकडच्या खोलीत राइको
झोपेतच कोपरं खाजवतोय.
भिंतीतूनही ओळखू येतो मला तो आवाज,
कोरड्या फळीवर पॉलिशपेपर घासावा तसा.

परवा त्याच्या कोपराच्या घडीत कापूस फिरवला
आणि नेला प्रयोगशाळेत, कुणाला न विचारता.
नियमात बसत नाही.
मर्वे म्हणाली, मी काही पाहिलं नाही.
मेंढीच्या रक्ताची लाल थाळी, सदतीस अंश, एक रात्र.
सकाळी झाकण उचललं तर
सोनं.
बारीक मण्यांचं, ओलसर,
आणि प्रत्येक मण्याभोवती रक्त विरघळून
काचेसारखं स्वच्छ कडं.
सतरा वर्षं बघतेय मी असल्या थाळ्या,
नंबर लिहिते, नाव लिहिते, कचऱ्यात टाकते.
ही हातातून सुटेना.
सुंदर होती, हे कुणाला सांगू?

मला ठाऊक आहे ते काय करतात.
थोडे असतात तोवर गप्प असतात,
कुणाच्या अंगावर नसतात ते?
दाटी झाली की एकमेकांची चाहूल घेतात
आणि मग सोडतात एक विष, चिमुकलं,
सव्वीस दुव्यांची साखळी फक्त.
त्या विषाने माझा मुलगा मरत नाही.
ते नुसतं दार वाजवतं.

कातडीखाली मास्ट पेशी बसलेल्या असतात
पोटाशी हिस्टामिनची गाठोडी धरून.
वाजलं की उठतात. कोण आहे विचारत नाहीत.
गाठोडं जिथल्या तिथे उलटं करतात.
मग खाज. मग नखं.
मग फाटलेली कातडी,
आणि फाटलेल्या कातडीत
आणखी सोनं.

डॉक्टर कास्क म्हणतात, याची प्रतिकारशक्ती जरा जास्तच जागी आहे.
मी मान हलवते.
मला हिल्या आठवते, माझ्या आईची मावशी.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये रात्री दार वाजलं
म्हणून ती उघडायला गेली
आणि सात वर्षांनी सायबेरियातून परत आली.
पुढे जन्मभर तिच्या पलंगाखाली
वाळवलेल्या राय-पावाची एक पिशवी असे.
पोस्टमन आला, पिशवी.
शेजारचा काल्यू साखर मागायला आला, पिशवी.
मी आठ वर्षांची, शाळा लवकर सुटली,
तर दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या, लाडात.
दार उघडलं तेव्हा हिल्या
कोट घालून, पिशवी छातीशी धरून उभी.
बटणं सगळी नीट लावलेली.
मला ओळखायला तिला बराच वेळ लागला.
तिला वेडी कुणी म्हणालं नाही.
बरी करणंही कुणाला जमलं नाही.

म्हणून मी राइकोच्या कातडीवर ओरडत नाही,
आजी ओरडते, शेजारीण ओरडते, खाजवू नकोस म्हणून.
कधीतरी, कुठल्यातरी पूर्वजाच्या अंगावर
खरोखरच कुणी चालून आलं असणार.
ती सवय एका रात्रीत कशी जाईल?
आणि हे सोनेरी लबाड नेमकी तीच थाप शिकून आलेत.

उठते. मलम तळहातावर गरम करते.
सुती हातमोजे त्याने पुन्हा काढून फेकलेत,
एक उशीखाली, एक सापडतच नाही.
कोपर चटका बसावा इतकं तापलंय.
हळू लावते, केसांच्या दिशेने,
तरी त्याचे डोळे किलकिले होतात.
आई, कोण आलंय?
कुणी नाही, झोप.
खोटं आहे हे. कोट्यवधी आलेत.
पण सहा वर्षांच्या मुलाला पहाटे साडेतीनला
एवढंच सांगता येतं.

तो कुशीवर वळतो.
खाली नदीवर कुठेतरी बर्फ तडकतो,
एकदा, मग पुन्हा एकदा,
कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवावं तसा.
मलमाचं झाकण हातात घेऊन मी तशीच उभी,
आणि माझी मान खाजायला लागते.