मागणीची वही

गोलाईत दिवसभर स्टील वाजत असतं.
सोळा रस्त्यांनी लोक येतात
आणि सोळाही रस्त्यांनी एकच वाक्य येतं :
काहीतरी दाखवा.

काहीतरी नावाची वस्तू माझ्या दुकानात नाही.
म्हणून मी आधी स्टूल पुढं करतो. विचारतो,
कुणासाठी? वय काय? हात कसा चालतो?
ओट्याशी उभं राहून करतात की चुलीपुढं बसून?
घरात डावखुरं कुणी?
गिऱ्हाईक हसतं.
आतून बायको म्हणते,
सोयरीक जुळवायलाव का भांडी इकायलाव?

लाल कापडी बांधणीची वही आहे.
सरळ धरली की उधारी,
उलटी धरली की मागण्या.

मेनकुदळे काकू, औसा. येळवसेसाठी बिंदगी.
डोक्यावर घेऊन रानात जाईपर्यंत
आंबील मानेवर ओघळू नये.
(तोंड अरुंद, खांदा रुंद. निलंग्याला मिळाली,
तिसऱ्या बाजारी.)

सोनकांबळे सर निवृत्त होणार. वर्गणी दोन हजार.
घड्याळ नको, घरात नऊ आहेत,
नऊही वेगळी वेळ सांगतात.
सर कुंड्यांना पाणी घालताना कंबर धरतात
हे शिपायानं सांगितलं, शिक्षकांना माहीत नव्हतं.
लांब मानेची झारी काढली,
दुकानापुढच्या धुळीवर चालवून बघितली :
रेघ सरळ पडली, तिफणीनं ओढल्यासारखी.

शमशादबी. एका दमात उघडणारा अडकित्ता.
अजून सापडला नाही.
दर रमजानला विचारतात, मी दर रमजानला लाजतो.

आणि हे पान, ज्यावर पाणी सांडलंय.
क्लासची पोरगी, अहमदपूरची, प्रणिता.
मेसचे पैसे वाचवून आलेली, दप्तर पोटाशी धरून.
पप्पांचा हात कापतो, म्हणाली.
चहा सांडतो. आता पितच नाहीत,
गोड आवडत नाही म्हणतात.
पेला पाहिजे.
नळीचा नको. लेकरांचा नको. दोन कानांचा नको.
बघणाऱ्याला काही कळू नये असा.

इतकी नेमकी मागणी
माझ्या बापाच्या काळापासून वहीत नव्हती.

मी होते नव्हते ते सगळे पेले भरले
आणि मुद्दाम हात हलवत बसलो.
बाह्या ओल्या, गल्ला ओला, वही ओली.
पोऱ्याला वाटलं मला वारं गेलं.
हुसेनसाब कल्हईवाले बघत उभे होते,
म्हणाले, वजन खाली पायजे, मियाँ.
और किनार अंदर को.

तसा एक होता.
मागच्या आठवड्यात मोडीत आलेला, पोत्यात तळाशी,
जाड बुडाचा, पोट सुटलेला पितळी पेला,
काठ आत वळलेला, जसा कुणी बोलता बोलता थांबावा.
कुणाच्या तरी घरानं किलोवर दिला होता
आणि मी वरून घट कापली होती.
कुणी घडवला असेल?
तेव्हाही कुणाचा तरी हात कापत असणार.

हुसेनसाबनी कल्हई केली. पैसे चिंचेएवढे घेतले.
पोरगी म्हणाली, चमकीच्या कागदात बांधा.
नाही म्हणलं.
वर्तमानपत्रात ने, मांडणीवर बाकीच्यात ठेव,
बोलू नको.
त्यांच्या हाताला सापडू दे.

बरोबर निघालं असं गिऱ्हाईक सांगेपर्यंत
मी वहीत खूण करत नाही.
दिवाळी झाली. पोरगी समोरून दोनदा सायकलवर गेली.
पेल्याचं काही बोलली नाही,
मी विचारलं नाही.

परवा आली.
आईनं साखरेचा डबा सांगितलाय, म्हणाली,
आधीचा पुरत नाही.

स्टूल पुढं केलं नाही.
झाकण एका हातानं निघेल असा
वरच्या फळीवरून काढून दिला.