कुलपाचा गाभा

रात्रपाळी संपवून मी सकाळी आठला झोपते,
पडदे ओढून, कानात मेणाचे बोळे घालून.
त्यामुळे क्रेट्श्मार कधी आला, कधी गेला,
मला कळलंच नाही.
कळलं ते लादीवरच्या ओल्या ठशावरून
(बूट मोठा, टाच आतल्या बाजूनं झिजलेली)
आणि न्हाणीघराच्या खिडकीवरून,
जी मी कधीच बंद करत नाही.

फोन केला, तर म्हणाला, रेडिएटर बघायला आलो होतो.
तुम्ही झोपला होतात, म्हटलं कशाला उठवा.
जणू उपकारच.

तळमजल्यावरचा तेस्फालेम म्हणाला,
माझ्याकडे तो जेवायच्या वेळी येतो,
पातेल्यावरचं झाकण उचलून बघतो.
आम्ही दोघं हसलो.
मग हसायचे थांबलो.

लाइपझिगमधली भाडेकरू संघाची कचेरी
एका बेकरीच्या वर. जिन्याला यीस्टचा वास.
नोलाऊबाईंना सर्दी झालेली.
करार त्यांनी शेवटच्या पानापासून वाचायला घेतला.
"चावी तुम्ही दिलीत त्याला?"
नाही, त्याच्याकडे होतीच.
"म्हणजे दिली नाहीत."
एवढं बोलून त्यांनी नाक पुसलं.

अकरा वर्षं
मी भाडं तीन तारखेच्या आत भरत होते
आणि भिंतीला खिळा मारताना
आवाज होऊ नये म्हणून हातोडीला फडकं बांधत होते.

त्या सांगत गेल्या: यायचं तर कारण हवं,
आधी कळवायला हवं, वेळ तुम्हाला जमणारी.
आग लागली, नळ फुटला तर गोष्ट वेगळी.
तुम्ही हो म्हणाला नाहीत तर चावी त्यानं ठेवायची नाही.
कुलपाचा गाभा बदलून टाका.
जुना फेकू मात्र नका,
घर सोडाल तेव्हा तोच परत बसवून द्यायचा.

तेस्फालेमनं स्क्रू-ड्रायव्हर आणला.
दाराच्या कडेला एकच स्क्रू निघाला.
एकच!
मी दुसरा शोधत राहिले.

गुरुवारी दहाला मी जागी होते,
कान मोकळे.
जिन्यात पावलं. चाव्यांचा जुडगा.
धातू धातूत अर्धा शिरला, अडला.
पुन्हा. उलटा करून पुन्हा.
मग इतकी शांतता
की स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू आला.

मग बेल वाजली.
माझ्या घराला बेल आहे हेच मी विसरले होते;
आवाज बसका, सर्दी झाल्यासारखा.

मी सावकाश उठले. गाऊनचा पट्टा बांधला.
केस विंचरले, तेही दोनदा.
दार उघडलं तेव्हा तो
पायपुसण्यावर बूट घासत होता.

रेडिएटर खरंच गळत होता.
खाली वाटी ठेवली आणि त्याला म्हटलं,
पुढच्या बुधवारी. दुपारी चारनंतर.

जुना गाभा मोज्यात गुंडाळून
चमच्यांच्या खणात ठेवलाय.
कधीतरी हाताला लागतो.
दिसतो त्याहून जड आहे.