तीनशे बारा किलो

कायानीत एप्रिल म्हणजे अजून निम्मा बर्फच.
गॅरेजचं दार वीतभर उघडं ठेवलंय,
आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच
मी कुणाला तरी उचलणार आहे.

तीनशे बारा किलो.
वॉर्ड चारमधल्या पेन्टिनेन आजोबांच्या तिप्पट,
हट्ट तेवढाच.

हात लावण्याआधी पेशंटला सांगायचं,
नव्या पोरींना मी हेच आधी शिकवायचे.
म्हणून सांगते: बाई, आता तुला उचलते.
वेइयो स्टुलावर बसून हसतो.
त्याच्या कंबरेचा पट्टा गेल्या वर्षीची कमाई:
एकटा, वाकून, एका हिसक्यात.

ब्रेकची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधली.
पुढच्या चाकाला दोन्हीकडून बर्चचे ठोकळे.
तुळईवरून दोन पट्टे खाली आणले,
ताणलेले नाहीत, नुसते जागे.
पट्ट्याने उचलायचं नसतं. पट्टा म्हणजे रात्रपाळीची नर्स,
काही घडलं नाही तर सकाळी कुणी विचारत नाही.

जॅकखाली फळी, जॅकवर रबराचा तुकडा.
आता चाचपत फ्रेमच्या नळ्या शोधते.
सायलेन्सर नको, तेलाचा फिल्टर तर नकोच,
हाड हवं.
मांसाला धरून कुणी माणूस उचलत नाही.

एक फेरा. थांब. अजून अर्धा.
साइडस्टँड जमिनीवरून सुटला
आणि ती कलली.

वेइयो उठला, दोन्ही हात पुढे.
"हात नको!"
पंच्याऐंशी साली मला असं कुणी ओरडलं नाही.
पेन्टिनेन न्हाणीघरात घसरले, मी झेललं.
ते मजेत घरी गेले;
माझा मणका दर हिवाळ्यात ती हकिगत पुन्हा सांगतो.

पडणारं झेलायचं नसतं.
ते कुठवर पडेल, तेवढं आधी ठरवून ठेवायचं.

पट्टे ताठ झाले. तुळई कुरकुरली, बस्स.

खाली घेतली. जॅक दोन बोटं सरकवला.
पुन्हा सांगितलं: बाई, आता तुला उचलते.

या खेपेला मागचं चाक अलगद सुटलं.
सीटला धरून हलवलं, मग चांगलंच गदागदा:
पडायचं तर आत्ता पड,
मी खाली आडवी झाल्यावर नको.
नाही पडली.

वेइयोने एका बोटाने चाक ढकललं.
फिरलं ते, पण साखळी खरखरत, कोरडी ठाक.
"तहानली आहे," तो म्हणाला, आणि डब्याकडे वाकला.

"गुडघ्यातून," मी म्हणाले.