चार वाटे

पुंता अरेनासचा वारा काचेला धडका देतोय.
आत चार खुर्च्या, चार यंत्रं, चार तास.
कादंबरी एकच, नऊशे पानांची.
एदुविनानं पावाच्या सुरीनं कण्यावर चिरली,
सणाच्या कोकराचे घालावेत तसे
वाटे घातले.

मला दुसरा.
सुरुवात नाही, शेवट नाही,
थेट दलदलीत उतरलेली माणसं.
माणसं म्हणायचं आपलं.
उंचीला घाबरणारी राक्षसीण,
आंधळा नकाशावाला,
जुळ्या चोरट्या, दोघींत मिळून एकच जीभ,
दिवसाआड बोलणाऱ्या.
आणि तो आचारी. त्याला कुणी निवडलंच नव्हतं,
पातेलं घेऊन नुसता मागून आला.

मला तोच आवडला.

येर्को अजून पहिल्या भागात. ओरडतो,
"राक्षसीण पूल ओलांडते का?"
"नोल्बेर्तोला विचार."

शेवट नोल्बेर्तोकडे.
मेंढ्या कातरण्यात जन्म गेलेला माणूस,
ओळीखाली बोट धरून वाचतो,
मधेच हसतो एकटा.
मग बराच वेळ पान उलटत नाही.

मंगळवारी मी हळूच विचारलं,
आचारी जगतो ना रे?
त्यानं पानाचा कोपरा दुमडला,
माझ्या नळीतलं लाल बघत राहिला.
म्हणाला, "मीठ संपतं त्याचं.
पुढचं तू वाच.
गुरुवार आहे, शनिवार आहे."