जेलरोड, तिसरा मजला

पडद्याची गुंडाळी जिन्यात दोनदा अडकली.
वर, मधल्या खोलीत ती उलगडली तेव्हा
आहिररावांनी आधी चष्मा काढला,
मग खिडकी उघडली
आणि कापडाचं एक टोक उन्हासमोर धरलं.

अहो बागूल, याला भोकं आहेत.

आहेत, मी म्हणाले. मुद्दाम पाडलेली.
चौरस फुटाला तीस-चाळीस हजार.
चित्र पुढे थांबतं, मागचा आवाज निघून येतो.
बारा फुटांवर बसलात की दिसायची नाहीत.

नोट हातात धरून बघतात, ते म्हणाले,
बारा फुटांवरून नाही.

चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये, तपासणीला.
टाचणीएवढा उजेड आरपार आला
की तो ताव बाजूला.
किती ताव बाजूला केले असतील
ते त्यांनाही सांगता येत नाही.
असा माणूस पेन्शनीतून
भोकं विकत घेत होता
आणि मी दिलेल्या बिलावर
त्यांची संख्या नव्हती,
हे त्यांना खटकलं.

हे सगळं कुमुदताईंसाठी.
दोन संक्रांतींपासून दोन्ही कान निम्मे झालेत,
उरलेलं त्या ओठांवरून ऐकतात.
टीव्हीखालचा तो लांबोळका स्पीकर
सगळ्यांना पोटातून बोलायला लावायचा.
बाई रडते तोंडाने
आणि आवाज तिच्या गुडघ्यांतून, त्या म्हणाल्या,
मी नक्की कुठे बघू?

चौकट बसवली, भिंतीपासून सव्वा फूट पुढे.
स्पीकर मागे, ओठांच्या उंचीला.
प्रोजेक्टर लावला तर
पांढऱ्या आभाळात लाटा उठल्या,
दोन कंगवे एकावर एक धरून
हलवावेत तशा.

काय झालं?
प्रोजेक्टरचे ठिपके सरळ रांगेत,
पडद्याची भोकंही सरळ रांगेत.
दोघांची शिस्त एकमेकांना भिडते.
मग?
मग एकाला थोडं तिरकं करायचं.

आमच्याकडे तिरकं गेलं
की चौकशी बसायची,
असं म्हणून त्यांनी कापडाचा कोपरा धरला.
सगळं सोडवून, पंधरा अंशांनी वळवून
पुन्हा ताणलं. याच्यासाठीच जास्तीचं आणलेलं.
स्प्रिंगा लावताना माझं नख तुटलं.
खाली कुणीतरी द्राक्षं विकत होतं,
किलोचा भाव प्रत्येक वेळी वेगळा ऐकू येत होता.
लाटा गेल्या.

आता फक्त मागचं काळं कापड राहिलं.
ते लावलं नाही तर स्पीकर
उजेडात दात दाखवतात.
ते अजून टेबलावर घडीतच होतं,
आणि मी पेचकस शोधत होते,
तेवढ्यात आहिरराव
आडवे होऊन पडद्यामागे शिरले.

सोफ्यावर कुमुदताई.
पुढे कोरं पांढरं,
ना चेहरा, ना ओठ.

चहा ठेवतेस का?
पडदा म्हणाला.

त्यांनी मान किंचित वाकडी केली.
दाराशी बोलताय तुम्ही, म्हणाल्या.
मधे या. अजून.
तोंड मधे पाहिजे.

कापडामागे सरकण्याचा आवाज,
कुठल्यातरी वायरीवर पाय,
एक छोटी शिवी.
मग बराच वेळ काही नाही.

इथून दिसतेस तू,
पडदा म्हणाला, बरोबर मधून,
ओठ असायचे तिथून.
मी अंधारात, तू उजेडात.
नुसती ठिपक्यांची दिसतेस.
शेवटपर्यंत बघितलं,
एकही ठिपका
बाजूला काढण्यासारखा नाही.

मी पेचकस सापडला नसल्यासारखी
पेटीत बघत राहिले.

काय म्हणालात?
कुमुदताईंनी विचारलं. परत बोला.

ऐकू आलं नव्हतं
की आलं होतं,
ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

आतून खोकण्याचा आवाज आला.
चहा ठेव म्हटलं,
पडदा म्हणाला,
तिघांचा.